ज्योतीत अडकलेला चुना

औसा,
९ डिसेंबर २०२४

चि. मंजुश्रीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

वीरण्णाची जर्शी गाय काल गेली. डॉ. अमरनाथ स्वतः येऊन बघून गेले आणि त्यांनीच सांगितलं, की तिच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं होतं. शनिवारी व्याली, रविवारी सकाळी खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी शिरेतून बाटली लावली, पण त्यांना बोलवायलाच उशीर झाला होता. वासरू वाचलंय. वीरण्णा त्याला बाटलीनं दूध पाजून राहिलाय आणि कुणाशी बोलत नाही.

मागच्या महिन्यात तू तुझ्या प्रयोगशाळेतून आमच्या बायांच्या गटाच्या खनिज मिश्रणाचा अहवाल दिलास. पाकिटावर आम्ही बावीस टक्के कॅल्शियम छापतो, तुझ्याकडं निघालं अकरा. तेव्हा मी मनात म्हटलं, पोरीच्या हातून काहीतरी चुकलं असेल. आता वीरण्णाची गाय गेल्यावर तसं म्हणवत नाही. हे मिश्रण माझ्याच अंगणात ताडपत्रीवर कालवलं जातं. गटातल्या सगळ्या बाया माझ्या शब्दावर ते जनावरांना चारतात. त्यातली मुख्य पावडर, डीसीपी, लातूरहून मलप्पाच्या दुकानातून येते. त्यानंच काही भेसळ केली असेल का, हे मला कळायला पाहिजे. नवं बंद पाकीट मल्लिनाथ कंडक्टरच्या हाती नांदेडच्या बसनं पाठवते आहे. पुन्हा तपास.

मला सगळ्यात जास्त फिकीर केवळाबाईची आहे. शेजारची, तू ओळखतेस. तिची सुंद्री महिनाअखेरीला व्यायची आहे. नवरा गेल्यावर तिनं ती गाय घेतली ती मीच घ्यायला लावली म्हणून. तिच्या दावणीला दुसरं जनावर नाही.

फोन करू नको. ते कानातलं यंत्र घातलं की नुसती शिट्टी वाजते. मग तुझा उमाशंकरदादा ओरडून सांगतो, ते सगळ्या गल्लीला कळतं, मला सोडून.

तुझी आत्या,
नीलाबाई


नांदेड,
११ डिसेंबर

ती. आत्यास मंजुश्रीचे शरणार्थ.

पाकीट मिळालं. मल्लिनाथमामांनी ते मांडीवर धरून आणलं म्हणे, पिशवीत ठेवलं तर फुटेल म्हणून. कालच नमुना लावला. पुन्हा अकरा. तीनदा लावला, तीनदा अकराच्या आसपास.

आत्या, वाईट वाटतं लिहायला, पण पोरीच्या हातून चुकलं असेल ही शंका आता काढून टाक. आमच्या यंत्रात माणसाच्या मर्जीला जागा नसते. पावडर आम्लात विरघळवायची, ते पाणी बारीक फवाऱ्यानं ज्योतीत सोडायचं. ज्योतीतून एका खास दिव्याचा उजेड आरपार जातो. पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर ते जास्त उजेड गिळतं, कमी असेल तर कमी. किती गिळला एवढंच यंत्र सांगतं. आम्ही रोज मातीतलं जस्त आणि लोह असंच मोजतो.

वीरण्णाकाकांच्या गाईचं वाचून ती रात्रभर डोळ्यापुढून हलेना. पण डॉक्टर म्हणतात कॅल्शियम कमी पडलं आणि यंत्रही तेच म्हणतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट निघते. मलप्पाकाकांची पावडर घेणं थांबव. आणि कुठल्याच गाईला कॅल्शियम कमी पडू देऊ नकोस.

इथं थंडी चांगली आहे. तू पाठवलेली शेंगाची चटणी संपली, एवढं लिहून ठेवते.

तुझी,
मंजुश्री


औसा,
१५ डिसेंबर

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

काल माझीच गौरी बसली. परवा व्याली, चांगली हिंडत होती, आणि काल सकाळी धारेला गेले तर मान पोटाकडं वळवून बसलेली. हात लावला तर कान बर्फासारखे गार. डॉक्टर म्हणाले, हीच पहिली खूण. कान गार पडले की समजायचं. या वेळी ते वेळेवर पोचले. बाटली अर्धी गेली तशी तिच्या अंगावर कापरं भरलं, संपता संपता ढेकर दिली, आणि थोड्या वेळानं ती धडपडत उठली. मी तिच्या गळ्याला मिठी मारून रडले, सगळ्यांच्या देखत. या वयात शोभतं का?

डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, नेहमीपेक्षा वेगळं काय चारता का?" उमाशंकरनं कानाशी तोंड आणून सांगितलं म्हणून कळलं. मी म्हटलं, न्हाई, वेगळं काहीच न्हाई.

मलप्पाच्या दुकानात जाऊन आले. तो माणूस कसा बोलतो तुला ठाऊक आहे. दारात पाय ठेवला की माझ्या बापापासूनच्या गोष्टींना सुरुवात, माणसाला सोडत नाही. मी म्हटलं, "मलप्पा, पावडरीत काय कालवलंस?" तर गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून म्हणाला, "नीलाक्का, चाळीस वर्सं धंदा करून राहिलो. एक चिमूट कालवली असंल तर ह्याची आन." मी ऐकलं नाही. चार गिऱ्हाइकांपुढं त्याला वाट्टेल ते बोलले.

आता मला एक कोडं सोडव. तुझा पहिला अहवाल आला तेव्हा मला शंका होती, तरी कमी पडू नये म्हणून त्या दिवसापासून आम्ही सगळ्याजणी गाईंना चुना देतोय. आपला घरचाच, पानाचा. आधी नुसती चुन्याची वरची निवळी देत होतो, आमच्या सासवाही द्यायच्या. मग म्हटलं, निम्मं कमी आहे तर निवळीनं काय होणार? म्हणून लिंबाएवढा गोळा पेंडीत कालवतो, आणि मिश्रणही दुप्पट. वीरण्णाची बायकोही देत होती. एवढं देऊन गाईच्या अंगात कमी कसं पडतं? केवळाबाई विचारते, "आक्का, सुंद्रीला दोन गोळे देऊ का?" तिला मी उद्या सांगते म्हटलंय. तू लगेच लिही.

आत्या


नांदेड,
१६ डिसेंबर

आत्या,

हे हातात पडेल त्या क्षणी चुना बंद कर. ज्या गाई अजून व्यायच्या आहेत त्या सगळ्यांचा. दुप्पट मिश्रणही बंद. केवळाबाईंना दोन गोळे नाहीत, एकही नाही.

मी डॉ. अमरनाथांना फोन केला. चुन्याचं ऐकल्या ऐकल्या ते म्हणाले, "अहो, मी विचारलं होतं ना त्यांना!" उमाशंकरदादालाही फोन केला. तो म्हणाला, "मी ओरडून दमतो, आई मान डोलावते आणि मनाचं करते. तू लिहूनच दे." म्हणून ही चिठ्ठी मल्लिनाथमामांच्या हातात स्टँडवर उभी राहून देते आहे. कारण सगळं लिहीन. आधी एक गोष्ट मला पुन्हा तपासायची आहे.

मंजुश्री


औसा,
१८ डिसेंबर

मंजुश्री,

तुझी चिठ्ठी मिळाली. कारण नाही, नमस्कार नाही, नुसता हुकूम.

डॉक्टरांना चुन्याचं काय सांगायचं होतं? त्यांनी वेगळं काय चारता विचारलं. चुना वेगळा असतो का? आमच्या घरात पानाच्या डब्यात, भिंतीवर, लेकराच्या मुक्या मारावर, सगळीकडं चुनाच आहे. आज भाकरीत मीठ घातलं, असं कुणी कुणाला सांगतं का?

मी तुझं ऐकलं. दुपारी बायांना बोलावून चुना बंद करा म्हणून सांगितलं. माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल. एक म्हणाली, "आक्का, तुमची भाची एका हातानं देती आन् दुसऱ्या हातानं काढती." दुसरी म्हणाली, "नांदेडहून बस यायची वाट बघा गं, उद्या पुन्हा द्या म्हनंल." उमाशंकर माझ्या कानात एकेक वाक्य सांगत होता, आणि सांगताना त्यालाही हसू आवरत नव्हतं. वीरण्णा दाराशी उभा होता. तो एवढंच म्हणाला, "माझी गाय कमी खाऊन मेली का जास्त खाऊन, तेवढं तरी ठरवा." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

केवळाबाईनं पदर सारखा केला आणि उठून गेली. तिच्या गोठ्यात चुन्याचं मडकं अजून तिथंच आहे, मी भिंतीवरून पाहिलं. ती देते आहे की नाही, मला माहीत नाही. विचारायला गेले तर मान हलवते. तिची मान मी इतकी वर्षं वाचत आले, आज वाचता आली नाही.

आणि हे बघ, मी दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे. मिश्रणात निम्मंच कॅल्शियम असेल, तर चुन्यानं आम्ही राहिलेलं निम्मं भरून काढलं. मग ते जास्त कसं झालं? एक तर डॉक्टर चुकतात, नाही तर तुझं यंत्र. दोघंही बरोबर असूच शकत नाहीत. यातलं कोणतं खरं ते लिहून पाठव. सही कर. तोंडी निरोप कुणी मानणार नाही, मीही मानणार नाही.

आत्या


नांदेड,
२० डिसेंबर

ती. आत्यास शरणार्थ.

तुझा प्रश्न अगदी तोच आहे जो मला सोळा तारखेपासून झोपू देत नाही. डॉक्टर बरोबर आहेत. तुमचं मिश्रणही बरोबर आहे. त्यात बावीस टक्केच कॅल्शियम आहे, पाकिटावर छापलंय तितकं. अकरा हा माझा आकडा खोटा होता. सही आणि प्रयोगशाळेचा शिक्का मारलेला नवा अहवाल सोबत आहे.

आता कसं झालं ते सांगते. तुझं पत्र वाचून मी तुमच्या नमुन्याच्या पाण्याची उरलेली बाटली पुन्हा यंत्रावर लावली. बर्नर थोडा खाली घेतला, म्हणजे उजेड ज्योतीच्या वरच्या भागातून जाऊ लागला. शुद्ध कॅल्शियमच्या पाण्यानं यंत्र पुन्हा नीट लावून घेतलं. आणि तीच बाटली अकराऐवजी पंधरा सांगायला लागली. बाटलीतलं कॅल्शियम बर्नर हलवल्यानं वाढत नसतं.

तुमच्या डीसीपी पावडरीत कॅल्शियमच्या बरोबरीनं फॉस्फरस असतो. ज्योतीच्या उष्णतेत तो कॅल्शियमला असा घट्ट धरतो की ते मोकळं होतच नाही. आणि हे यंत्र फक्त मोकळं झालेलं कॅल्शियम बघू शकतं. धरलेलं त्याला दिसत नाही, जणू ते नाहीच. ज्या शुद्ध पाण्याशी मी तुलना करत होते, त्यात फॉस्फरस नव्हताच. म्हणून तिथलं सगळं मोकळं, तुमचं निम्मं अडकलेलं.

तुला पटेल असं सांगू? स्टँडवर मलप्पाकाका भेटले की माणूस सुटत नाही. बस निघून जाते. मोजणारा म्हणेल, आज गाडीत नीलाबाई नव्हती. नीलाबाई स्टँडवरच होती, पण मलप्पाकाकांनी धरून ठेवली होती. यावर उपाय एकच, दुसऱ्या कुणाला तरी त्यांच्या पुढं करायचं. ते त्याला धरतात, आपण सुटतो. आमच्याकडं त्यासाठी लँथॅनम नावाचं औषध असतं. ते नमुन्यात घातलं की फॉस्फरस त्याला धरून बसतो आणि कॅल्शियम सुटतं. मी ते घालून बाटली लावली. बावीस. मग मुद्दाम मोजून थोडं कॅल्शियम वरून मिसळलं, तेही सगळंच्या सगळं मिळालं. आता शंका नाही.

आमचं रोजचं काम जस्त-लोहाचं, त्यात हे औषध लागत नाही. कॅल्शियमचा दिवा दिवाळीनंतर आला आणि त्यावर लावलेला पहिला बाहेरचा नमुना तुझा होता. हे मी तुला तेव्हा लिहिलं नाही. तीनदा अकरा आला म्हणून मी तो खरा मानला, पण चुकीचा आकडाही तीनदा तोच येऊ शकतो. आमच्या प्रयोगशाळेच्या वैजनाथ सरांना आज सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग म्हणाले, "द्राक्षाच्या देठांचे नमुने गेलेत ना याच दिव्यावर? ते सगळे परत काढ." उद्यापासून तेच करते आहे. शिक्का त्यांनीच मारला.

आणि चुन्याचं. डॉक्टर म्हणाले, गाभण गाईला शेवटच्या दिवसांत वरून भरमसाट कॅल्शियम मिळालं की तिचं शरीर स्वतःच्या हाडांतून ते काढायचं विसरतं. व्याल्यावर दूध एकदम उतरतं, मागणी वाढते, आणि हाडांतून यायला लागेपर्यंत गाय बसते. तुमच्या गाईंना कमी पडत नव्हतं. पुरेसं होतं, त्यावर दुप्पट मिश्रण, त्यावर गोळा.

तेव्हा वीरण्णाकाकांना सांगायचं उत्तर, जास्त खाऊन. ते तू सांगू नकोस, मी येऊन सांगते. तीस तारखेच्या अमावास्येला येळवशीच्या सणाची सुट्टी घेतली आहे.

सुंद्रीला व्यायला अजून आठवडा आहे ना? डॉक्टर म्हणाले, चुना आज थांबला असेल तर आशा आहे, खात्री नाही. केवळाबाईंनी थांबवलाय का, एवढं मला कळव.

मंजुश्री


औसा,
२८ डिसेंबर

चि. मंजुश्रीस आशीर्वाद.

सुंद्री आज सकाळी व्याली. कालवड झाली. सुंद्री उभी आहे. डॉ. अमरनाथ आत्ताच तपासून गेले, त्यांनीच हे लिही म्हणून सांगितलं. पण परवा संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, असंही तेच म्हणाले.

तुझं पत्र मी बायांपुढं मोठ्यानं वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शिक्का दाखवून. मलप्पाचा दाखला आला तिथं सगळ्या खो खो हसल्या. जास्त खाऊन, हे मात्र मी वाचायचं सोडणार होते. पण वीरण्णा समोरच बसला होता, डोळ्याला डोळा लावून. मग वाचलं. तो उठला, माझ्या हातातला कागद घेतला, तेवढीच ओळ स्वतः पुन्हा वाचली आणि परत दिला. दुसऱ्या दिवशी मी लातूरला मलप्पाची माफी मागायला निघाले, तर तोच म्हणाला, "चला, मी येतो." दुकानात मलप्पानं मला तासभर धरलं. आधी रागावला, मग रडला, मग माझ्या लग्नातल्या जेवणावर आला. शेवटी वीरण्णा पुढं सरकला आणि म्हणाला, "मलप्पाण्णा, माझ्या गाईचं ऐका." मलप्पानं त्याचा हात धरला आणि मी बाहेर पडले. तुझं औषध इथंही लागू पडलं. पण बाहेर येऊन मागं बघितलं, तर वीरण्णा खरंच बोलत होता. गाय गेल्यापासून पहिल्यांदाच असं मोकळं.

आता तू विचारलंस त्याचं. पत्र वाचलं त्या दिवशी केवळाबाई आली नव्हती. संध्याकाळी मी अंगण झाडत होते तर ती सुंद्रीला घेऊन दारात उभी. आमच्या कडुलिंबाला तिनं गाय बांधली, दाव्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडासमोर येऊन, मला ओठ दिसतील असं सावकाश बोलली, "आक्का, गोळा मी त्याच दिवशी बंद केला. तू म्हनलीस म्हणून दिला, तू म्हनलीस म्हणून सोडला. आता ही तुझ्या दारात व्याईल. उठून उभी राहिली तर मी घरी नेईन. न्हाई राहिली तर तू बघ." मला वाटलं रागावली आहे. पण मग घरून तिची चटईही घेऊन आली आणि इथंच बसली. तेव्हापासून ती माझ्याच घरी जेवते आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणते.

डॉक्टरांनी कॅल्शियमच्या दोन बाटल्या आणून ठेवल्यात. म्हणाले, आधीच लावायची नाही, गरज पडली तरच. आम्ही फक्त कानांवर लक्ष ठेवायचं. गार लागले की त्या घटकेला फोन. मी केवळाबाईला म्हटलं, आपण आळीपाळीनं बघू, तुझ्या वेळेला काही वाटलं तर मला हाक मार. ती म्हणाली, "तुला हाक ऐकू येती व्हय? इथंच बस."

म्हणून बसलोय. सुंद्रीचा एक कान तिच्या हातात आहे, एक माझ्या. दुसऱ्या हातानं हे लिहिते आहे म्हणून अक्षर असं आलंय. कालवड मधूनच पायात घुटमळते, तिला उमाशंकर बाजूला ओढतो. गटातल्या बाया येतात, बघतात, थोडं थांबतात आणि जातात. एकीनं येळवशीच्या अंबिलीसाठी ताक मागितलं, तर केवळाबाई म्हणाली, "आधी गाय बघ, मग ताक." दर थोड्या वेळानं आम्ही जागा बदलतो, कारण एकच कान धरून बसलं की आपला हातच गरम होतो आणि काही कळेनासं होतं. हे तिनं सांगितलं. तुझ्या यंत्राचंही असंच झालं असेल, असं मला वाटून गेलं.

बसला उशीर होतो म्हणून मल्लिनाथ दारातून हात करून राहिलाय. पत्र इथंच थांबवते. डॉक्टर उद्या सकाळी येतील, आणि परवा येळवशीला तू येशील तेव्हा दिवस मावळायच्या आत ठरलेलं असेल, गाय केवळाबाईच्या दारी जाते की इथंच राहते. येताना आधी घरात जाऊ नकोस, सरळ लिंबाखाली ये. तुझा हात थंडीनं गार असेल, तो चोळून मग कानाला लाव.

आत्ता, लिहिताना, दोन्ही कान ऊन आहेत.

तुझी आत्या,
नीलाबाई